अंगणात भरलेलं कॉलेज

शिरपूर जैनचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका, चहूकडे सोयाबीन-तुरीची शेतं आणि गावात ती काळी मूर्ती. मूर्ती अधांतरी आहे, ही भाविकांची श्रद्धा. दिगंबर-श्वेतांबर वादात मंदिराला लागलेलं कुलूप चार दशकं राहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३च्या मार्चात ते निघालं, तेव्हा राज्यभरच्या वर्तमानपत्रांना आमच्या गावाची वाट सापडली. त्या कुलपाच्या वर्षांत आमच्याकडच्या गावागावांत सकाळी एक दार मात्र उघडत होतं. ते अंगणवाडीचं. शेतावर निघालेल्या आया लेकरांना तिथं सोडत होत्या, सेविका हजेरी घेत होती, मदतनीस खिचडी शिजवत होती. यातलं काहीच बातमीचं नव्हतं.

या अंगणवाडीचं मूळ शोधत गेलं की एका कॉलेजच्या प्राचार्यांच्या राजीनाम्याशी येऊन थांबावं लागतं. त्या प्राचार्या म्हणजे ताराबाई मोडक. जन्मानं मुंबईच्या, लग्नानं अमरावतीच्या, म्हणजे आमच्या वऱ्हाडच्या सूनबाई. शिक्षणक्षेत्रात मोठ्या पदांवर पोचलेल्या मराठी स्त्रियांची नावं आपण अभिमानानं घेतो. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू प्रेमलीला ठाकरसी गुजराती घरातल्या, पण कर्मभूमी महाराष्ट्र. कमला सोहोनींना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेशच नाकारला होता, पुढे त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. स्नेहलता देशमुख मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. या सगळ्या वर चढत गेल्या. ताराबाई वरच्या पायरीवर तिशीतच पोचल्या आणि तिथून स्वतःहून उतरल्या. आयुष्याचं खरं काम त्यांनी उतरल्यानंतर केलं.

केळकरांची तारा

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. आई उमाबाई. सदाशिवरावांनी विधवेशी विवाह केला होता आणि त्या काळात अशा घराला नातेवाइकांच्या पंगतीत सहजासहजी पान मांडलं जात नसे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला खरा, पण कायद्यानं परवानगी दिली म्हणून आळीनं दिली असं होत नाही. तारा अशा घरात वाढली. मुलींनी शिकायचं, सभेत बसायचं, प्रश्न विचारायचे, हे तिथं गृहीत होतं. घराबाहेर पडलं की तेच नवलाचं ठरे.

१९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या त्याला तेव्हा जेमतेम पाव शतक झालं होतं. धोंडो केशव कर्व्यांचं महिला विद्यापीठ सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती. बी.ए. झालेली मुलगी ही त्या वेळी कुटुंबाची कौतुकाची आणि काळजीचीही गोष्ट असे. ती नोकरी करणार का, आणि केली तर लग्नाचं काय, या प्रश्नांतून तिची सुटका नव्हती.

लग्न झालं ते अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी. अमरावती म्हणजे वऱ्हाडचं मुख्य शहर. वऱ्हाड कागदावर निजामाचा आणि कारभारात इंग्रजांचा. कापसाच्या पैशानं शहर फुललेलं, वकिलांचा दबदबा मोठा. १८९७चं काँग्रेस अधिवेशन याच गावात भरलं होतं. दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर, मोरोपंत जोशी ही मंडळी इथल्याच वकिलांच्या वर्तुळातली. आमचं वाशीम एके काळी स्वतंत्र जिल्ह्याचं ठिकाण होतं, १९०५ मध्ये ते अकोल्यात विलीन झालं आणि पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. मधल्या सगळ्या काळात मोठी कोर्टकचेरी, मोठं शिक्षण, मोठा दवाखाना यांसाठी वाशीम-मालेगावकडच्या माणसानं अकोला-अमरावतीची वाट धरायची हा रिवाज. त्या अमरावतीत एका वकिलाच्या पदवीधर पत्नीला प्रतिष्ठेचं, बसून खाण्याचं आयुष्य मिळण्यासारखं होतं.

तसं झालं नाही. संसार टिकला नाही आणि १९२१च्या सुमारास दोघं वेगळी झाली. लहान मुलगी, प्रभा, ताराबाईंकडे होती. रत्नाकर मतकरींनी ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक ताराबाईंच्या जीवनावरून लिहिलं, ते याच उलथापालथीला हात घालतं. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झालेली, मूल कडेवर असलेली बाई. तिच्यापुढे साधारण दोनच वाटा असत, माहेर नाहीतर एखादा आश्रम. ताराबाईंच्या हाती पदवी होती म्हणून तिसरी वाट निघाली.

राजकोटची खुर्ची

ती वाट राजकोटला गेली. काठेवाडात लहानमोठी संस्थानं पसरलेली आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रज एजन्सीचं ठाणं राजकोटला. राजपुत्रांसाठी तिथं राजकुमार कॉलेज होतं आणि मुलींच्या शाळांना शिक्षिका पुरवण्यासाठी बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज. या दुसऱ्या कॉलेजच्या प्राचार्य म्हणून ताराबाईंची नेमणूक झाली. तोवर अशा जागांवर गोऱ्या मडमा असत. त्या पदावर आलेली पहिली भारतीय स्त्री असा ताराबाईंचा उल्लेख त्यांच्या चरित्रांत येतो.

या खुर्चीचं मोल आज चटकन लक्षात येणार नाही. सरकारी इतमामाची नोकरी, स्वतःच्या नावावर पगार, मुलीच्या शिक्षणाची निश्चिंती, आणि आपल्या हाताखाली तयार झालेल्या शिक्षिका काठेवाडभर पसरणार हे समाधान. एकट्या बाईला समाजात उभं राहायला जेवढं लागतं तेवढं सगळं तिथं होतं. निवृत्त होईपर्यंत त्या तिथंच राहिल्या असत्या, तरी ‘पहिल्या भारतीय प्राचार्या’ म्हणून त्यांचं नाव इतिहासाच्या एखाद्या ओळीत नक्की राहिलं असतं.

१९२३ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि भावनगर गाठलं.

भावनगरात नानाभाई भट्टांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती ही संस्था उभारली होती. तिथं गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ काम करत. तेही मूळचे वकीलच. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारात असताना मारिया मॉन्टेसरींचं लेखन त्यांच्या हाती आलं, आणि वकिली सोडून ते मुलांमध्ये रमले. १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. अडीच ते सहा वर्षांच्या मुलांना तिथं कुणी दटावत नसे, रांगेत बसवून पाढे घोकवत नसे. मुलं माती मळत, पाणी ओतत, गाणी म्हणत, बागेत हिंडत, आणि बसावंसं वाटलं की गोष्ट ऐकायला बसत. मोठाल्या मिशांच्या या माणसाला गुजरातेत ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, असं नाव पडलं होतं.

ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यांना या बालमंदिरात काय दिसलं असावं? शिक्षक घडवणारं कॉलेज ज्या मुलासाठी शिक्षक घडवतं, ते मूल शाळेत येतं सहाव्या-सातव्या वर्षी. तोवर त्याची बोली, त्याच्या सवयी, त्याची भीती आणि त्याचं धाडस बरंचसं घडून गेलेलं असतं. उरलेल्या घडणीसाठी मोठमोठी कॉलेजं आणि पहिल्या पाच वर्षांसाठी कुणीच नाही, ही विपरीत व्यवस्था ताराबाईंना मोडायची होती. त्यासाठी खुर्ची सोडावी लागली. त्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या कामाकडे पाहिलं की त्या राजीनाम्याचा अर्थ असा लागतो.

शिक्षक घडवण्याचं वेड सुटलं नाही

भावनगरच्या बालमंदिरात ताराबाई मुलांमध्ये बसल्या, पण त्यांच्यातली प्राचार्या स्वस्थ बसली नव्हती. बालमंदिर एकच आहे, मुलं लाखो आहेत, मग शिक्षिका कुठून आणायच्या? १९२५ मध्ये तिथं बालअध्यापन मंदिर सुरू झालं. लहान मुलांना शिकवणाऱ्यांना आधी शिकवायचं, हे त्याचं काम. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि गिजुभाईंबरोबर ताराबाई त्याच्या मुख्य आधारस्तंभ होत्या. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघू लागली, तिच्या संपादनात त्यांचा हात होता. १९३३ पासून ती मराठीतही आली आणि ती जबाबदारी ताराबाईंनी उचलली.

या पत्रिकेचा वाचक केवळ शिक्षक नव्हता, आई-बापही होते. मुलाला मारावं का, ते हट्ट का करतं, जेवायला का बसत नाही, शिस्त लावायची म्हणजे काय करायचं, असे घरातले प्रश्न तिथं गंभीर चर्चेचे विषय झाले. ताराबाईंची ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’ ही पुस्तकं याच धाटणीची. मुलांसाठी ‘नदीची गोष्ट’सारखी पुस्तकंही त्यांनी लिहिली. मूल म्हणजे छोटा, अपुरा मोठा माणूस हा समज त्या काळी घराघरांत होता. मुलाच्या वागण्याला त्याचं स्वतःचं कारण असतं, ते आपण शोधायचं, हे मराठी मध्यमवर्गाला सांगणाऱ्या पहिल्या मंडळींमध्ये ताराबाई येतात.

भावनगरनंतर त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. बालवाडी होतीच, जोडीला शिक्षिकांचे वर्गही. दादरसारख्या मराठी पांढरपेशा वस्तीत संस्थेला पालकांचा प्रतिसाद मिळाला. तीन-चार वर्षांच्या पोराला ‘शाळेत’ पाठवणं हे एकेकाळी वेडेपणाचं वाटे, ते हळूहळू सुशिक्षितपणाचं लक्षण बनू लागलं. ताराबाईंचं नाव झालं होतं, संस्था स्थिरावली होती, वय चाळिशीच्या मध्यावर होतं. दुसरी खुर्ची तयार झाली होती म्हणा ना.

नेमक्या याच ठिकाणी त्यांची खरी अडचण सुरू होते. मॉन्टेसरींनी आपलं पहिलं बालगृह काढलं ते १९०७ मध्ये, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारांच्या वस्तीत. पण पद्धत जगभर पसरली तशी ती पैसेवाल्यांच्या वस्त्यांत जाऊन बसली. मोजून-मापून बनवलेले लाकडी ठोकळे, दट्ट्या, मनोरे, परदेशी प्रशिक्षण, सगळंच महाग. मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून स्वतः भारतात आल्या, महायुद्धामुळे अडकून पडल्या आणि त्यांनी इथं शेकडो शिक्षकांना तयार केलं. त्यातूनही मोठ्या शहरांत शाळा उभ्या राहिल्या त्या बहुतेक सुखवस्तूंच्या. गांधीजी १९३१ मध्ये लंडनला मॉन्टेसरींच्या प्रशिक्षण संस्थेत बोलले, तेव्हा त्यांनी याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. असं शिक्षण श्रीमंतांच्याच नव्हे, कंगालांच्या मुलांनाही मिळावं, अशी आशा त्यांनी तिथं व्यक्त केली.

ती आशा बऱ्याच जणांनी ऐकली. ताराबाईंनी तिचा हिशेब मांडला. ठोकळे परवडत नाहीत, तर त्यांच्या जागी काय? इमारत नाही, तर कुठं? परदेशी शिकलेली बाई येणार नाही, तर कोण? या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायला त्यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा घर बदललं.

बोर्डी, १९४५

बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं, आता पालघरमधलं समुद्रकाठचं गाव. सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या, आणि आत डोंगराकडे गेलं की वारल्यांचे पाडे. आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजींमुळे गावात शिक्षणाची परंपरा होती. बाळासाहेब खेरांच्या पुढाकारानं आदिवासी सेवा मंडळाचं काम या पट्ट्यात चालू होतं. १९४५ हे वर्ष या भागासाठी साधं नव्हतं. याच वर्षी जवळच्या उंबरगाव-तलासरी भागात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड उभारलं. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणाऱ्या बापानं ‘नाही’ म्हणायला शिकायचं, हे गोदावरीबाईंचं काम. त्याच बापाच्या तीन वर्षांच्या लेकराशी बोलायचं, हे ताराबाईंचं. दोन मराठी स्त्रिया, दोन वेगळ्या विचारांच्या, एकाच वर्षी एकाच समाजाच्या दोन टोकांपासून सुरुवात करत होत्या.

ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. कस्तुरबांचं निधन होऊन वर्ष झालं होतं आणि त्यांच्या स्मरणार्थ निघालेल्या ट्रस्टची ग्रामसेविका-शिबिरं चालू होती. बोरिवलीच्या अशाच शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, नंतर जिद्दीनं शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. तिशीच्या आसपास पतीपासून वेगळी झालेली एक बाई आणि तेराव्या वर्षी पती गमावलेली दुसरी. दोघींनी पुढची अठ्ठावीस वर्षं एकत्र काम केलं. अनुताई बोर्डीला आल्या तेव्हा त्यांना बालशिक्षणाचा अनुभव नव्हता. ताराबाईंनी पुढे अंगणात भरवलेल्या कॉलेजची ही सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी.

केंद्र उघडलं म्हणून मुलं आली नाहीत. गावातली सवर्ण मुलं आली, दलित वस्तीतली आणि पाड्यांवरची आली नाहीत. तेव्हा ताराबाई आणि अनुताईच वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी घरासमोरचं अंगण झाडून-सारवून घ्यायचं, तिथंच मुलं जमवायची. आधी अंघोळ, नखं, केस विंचरणं, नाक पुसणं. मग गाणं, खेळ, गोष्ट. आई दारातूनच पाहते आहे, आजी टीका करते आहे, बाप कामावरून येऊन उभा राहतो आहे. इमारतीचा प्रश्न असा सुटला आणि त्याच्यासोबत दुसरी एक गोष्ट साधली. बंद वर्गात मूल काय शिकतं हे आईला कधीच दिसत नाही, इथं ती रोज पाहत होती. अंगणातल्या त्या दोन तासांत मुलांबरोबर आयाही शिकत होत्या, आणि त्यांना कुणी शिकवायला बसवलेलं नव्हतं.

ठोकळ्यांची जागा शंखशिंपले, चिंचोके, सागरगोटे, काड्या, पानं, बिया, माती आणि बांबूच्या तुकड्यांनी घेतली. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत, कमी-जास्त, हे सगळं समुद्रकाठच्या आणि रानातल्या वस्तूंतून शिकवता येतं. मॉन्टेसरींना पऱ्या-राक्षसांच्या काल्पनिक गोष्टी लहानांसाठी फारशा मान्य नव्हत्या. गिजुभाई आणि ताराबाईंनी मात्र लोककथा, बडबडगीतं, टिपऱ्या, नाच यांना बालवाडीत मानाचं पान दिलं. ज्या समाजात पुस्तक नाही त्या समाजात गोष्ट आहेच, आणि ती फुकट आहे. परदेशी पद्धत इथल्या मातीत रुजवायची तर तिच्यातलं तत्त्व घ्यायचं आणि साहित्य बदलायचं, हा त्यांचा व्यवहारी दृष्टिकोन.

कोसबाडची टेकडी

१९५०च्या दशकाच्या मध्यावर काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, थेट आदिवासींच्या शेजारी हललं. तिथं आणखी एक गाठ उलगडली. पाड्यावरची सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ आहे. भावाला कुणी सांभाळलं तर ती येईल. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरवायची: धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत, थोरली वर्गात. ‘विकासवाडी’ची कल्पना ती हीच. तरीही गुरं वळायला गेलेली पोरं उरतातच. शिक्षक त्यांच्यामागे कुरणात जाईल, गुरं चरतील तिथं झाडाखाली अक्षरं गिरवली जातील. या कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग.

आज शिक्षणाच्या धोरणांत ‘गळती’ हा शब्द वारंवार येतो आणि तिची कारणं शोधायला समित्या बसतात. कोसबाडला हे सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं, कारण तिथल्या बाया पाड्यावर जाऊन त्या मुलीच्या कडेवर कोण आहे ते पाहत होत्या.

कोसबाडलाही शिक्षिकांचं प्रशिक्षण चालूच राहिलं. अगदी थोडं शिकलेल्या, गावातल्याच, कधी आदिवासी मुली-बायांना बालसेविका म्हणून तयार करायचं. परदेशी शिकलेली बाई येणार नसेल तर कोण, या तिसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर. मात्र त्यात एक अट होती. गावची बाई चालेल, कमी शिकलेली चालेल, पण तिला मुलांचं शास्त्र शिकवल्याशिवाय मुलांपुढे उभं करायचं नाही. राजकोटच्या खुर्चीवर बसलेली प्राचार्या इथं चटईवर बसून तेच काम करत होती. विद्यार्थिनींना इथं पदवी मिळणार नव्हती, एवढाच फरक.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. मुंबई राज्याच्या विधानसभेतही त्यांनी काही काळ काम केलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाड चालू ठेवलं, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकातून तिथलं जग मराठी वाचकांपर्यंत आणलं, त्यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचं निधन झालं.

सरकारनं काय घेतलं, काय सोडलं

ताराबाई गेल्या त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. देशभरात ३३ प्रकल्प निवडले गेले. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या प्रकल्पांत मेळघाटातलं धारणी होतं, म्हणजे ताराबाईंच्या सासरचा अमरावती जिल्हा. बोर्डीच्या वस्तीत रुजलेलं अंगणवाडी हे नाव या योजनेबरोबर देशभर गेलं. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार. जगातल्या सगळ्यांत मोठ्या बालसेवा कार्यक्रमांपैकी हा एक.

या योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईसाठी पोषण-आरोग्याचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षण. पहिल्या पाच सेवांनी लाखो मुलं वाचवली, यात शंका नाही. ज्या देशात मूल पाच वर्षांचं होण्याआधीच दगावत होतं तिथं वजनकाटा आणि लसीची सुई यांना अग्रक्रम मिळणं रास्तच होतं. पण सहावी सेवा, जी ताराबाईंच्या लेखी पहिली होती, ती वेळापत्रकाच्या तळाशी जाऊन बसली. सेविकेची सकाळ आठवून पाहा. हजेरी, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी, वजन-उंची, गरोदर आणि स्तनदा मातांची यादी, घरी न्यायच्या आहाराची पाकिटं, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, शिवाय वरून येईल ते सर्वेक्षण आणि निवडणुकीचं काम. यातून उरलेल्या वेळात गोष्ट सांगायची.

आणि गोष्ट सांगायला तिला शिकवलं किती? नोकरीत आल्यावरचा मूळ अभ्यासक्रम अनेक वर्षं २६ दिवसांचा राहिला, त्यातही आहार-आरोग्य-नोंदवह्या यांनाच मोठा वाटा. २०२३ मध्ये केंद्रानं ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम काढला, त्यात सेविकांसाठीचं प्रशिक्षण तीन दिवसांचं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन वर्षांच्या मुलापासून शालेय रचना धरली. पहिली पाच वर्षं एकसंध ‘पायाभूत टप्पा’ म्हटली. कागदावर ताराबाई शंभर वर्षांनी जिंकल्या. पण पहिलीच्या मुलांना शिकवायला पदविका, पात्रता परीक्षा आणि वेतनश्रेणी हवी, आणि त्याच टप्प्यातल्या चार वर्षांच्या मुलांना शिकवणारीला मानधन, हे कसं?

सेविका मानसेवी आहे, असं सरकार आजही सांगतं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरवायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल आला एप्रिल २०२२ मध्ये. २०२३च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी मानधनवाढ, पेन्शन, ग्रॅच्युइटीसाठी संप पुकारला, तो जानेवारीअखेरपर्यंत लांबला. त्या काळात अंगणवाड्या बंद राहिल्या, आहार थांबला आणि मगच लोकांना कळलं की इथं कुणीतरी रोज काम करत होतं.

ताराबाईंच्या कामाचे तीन खांब होते: अंगण, आजूबाजूच्या वस्तूंतून केलेलं साहित्य आणि शिकवून तयार केलेली बाई. सरकारनं अंगण घेतलं, त्यावर छप्पर घातलं, आहाराचा चौथा खांब भक्कम उभारला. तयार केलेली बाई मात्र वाटेत सोडून दिली. तिचं कौतुक झालं, तिला सावित्रीच्या लेकीचा मान भाषणांतून मिळाला, पण तिच्यासाठी कॉलेज उभं राहिलं नाही.

शिरपूरच्या वाचकांसाठी

वाशीम हा २०१८ पासून ‘आकांक्षित’ जिल्ह्यांपैकी एक. गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिव यांच्या पंगतीत. मागासलेपणाला दिलेलं हे सभ्य नाव. आरोग्य, पोषण आणि शिक्षण हेच त्या मोजमापाचे मोठे निकष आहेत आणि तिन्हींची सुरुवात एकाच खोलीत होते, आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत. याच गावात आता इंग्रजी माध्यमाच्या नर्सरी-केजीची ओढ वाढली आहे. शेतमजूरही पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यांना दोष देता येत नाही. तीन वर्षांच्या पोराला गृहपाठ देणारी शाळा चांगली की वाईट, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. ताराबाईंची शिक्षणपत्रिका हेच समजावत होती, मराठीत, १९३३ पासून.

मंदिराचा वाद सुटायला न्यायालय लागलं. अंगणवाडी सुधारायला ग्रामसभा पुरेशी आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातली १० टक्के रक्कम महिला-बालकल्याणावर खर्च करायची असते. ती कुठं गेली, हे विचारण्याचा प्रत्येक मतदाराला अधिकार आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत रस्ता, नाली, घरकुल यांच्या जोडीला हा विषय मांडा. आहार वेळेवर येतो का, हे तर विचाराच. पण त्यानंतर दुसरा प्रश्न विचारा: आमच्या सेविकेला मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण शेवटचं कधी मिळालं, किती दिवसांचं, आणि उरलेल्या वर्षभरात नोंदवह्यांच्या पलीकडे तिला मुलांसाठी रोज दोन तास मिळतात का? हा प्रश्न ठरावाच्या रूपात तालुक्याच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठवा. ग्रामसभेचा ठराव फेकून देता येत नाही.

एका बाईनं कॉलेजची खुर्ची सोडून आपल्या मुलांसाठी अंगणात कॉलेज भरवलं. त्या कॉलेजच्या शिक्षिका आज आपल्या गावात आहेत आणि त्या शिकायला तयार आहेत. त्यांना शिकवण्याची व्यवस्था मागणं हे आपलं काम आहे. ते अजून आपण सुरू केलेलं नाही.